पोटाचा सीटी सोलापुरात काढला, दोनदा

पाचपैकी चार. हे दुसऱ्या सेंटरचे गुण. पहिल्याला एक तरी द्यावा का, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. वहिनी म्हणते चहा पाजला होता, अर्धा द्या.

दोघांचीही नावं लिहीत नाही. पहिल्याचं लिहून भांडण नको, दुसऱ्याचं लिहिलं तर पाकीट घेतलं म्हणतील. आणि मला जे सांगायचंय ते नावाबद्दल नाहीच. पैसे भरायच्या आधी काउंटरवर काय विचारायचं, एवढंच सांगायचंय. मला ते माहीत नव्हतं म्हणून ४,५०० रुपये आणि सहा दिवस गेले. रुपयांचं काही नाही. सहा दिवसांचं आहे.

माझं काम आधी सांगतो, पुढे त्याचा संबंध येतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी ३१ वर्षं चादरीची डिझाइनं काढली. आता कॉम्प्युटर आला, तेव्हा ग्राफपेपर होता. चौकोन न् चौकोन पेन्सिलीने भरायचा, त्यावरून कार्डं पंच व्हायची, ती जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढायची आणि खाली चादरीत मोर उतरायचा. एक चौकोन चुकला की मोराची मान मोडायची आणि मालक माझी मोडायचा. त्यामुळे चौकोनात रंग भरून चित्र कसं होतं आणि कसं बिघडतं, हे मला डॉक्टर नसूनही कळतं.

अण्णा माझा थोरला भाऊ. वय ६४. घरचे चार माग, जन्मभर बीम (सूत गुंडाळलेले जड रूळ) उचलून खांदे दगडासारखे. यंदा गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. अंगाला खाज, लघवी कोऱ्या चहासारखी, शौचाला पांढरट. पोटात मात्र काही दुखत नव्हतं, त्यामुळे त्याचं म्हणणं, "कावीळ हाय, उतरंल की." गल्लीतून काविळीची माळ आली, ती गळ्यात पडली. माळ लांब होत गेली, अण्णा आखूड होत गेला. पट्ट्याला दोन भोकं नवी पाडली होती त्याने, आणि आम्हाला वाटलं शुगर निघाल्यापासून गोड सोडलंय म्हणून उतरतोय. शुगरही वर्षभरापूर्वीच निघालेली, घराण्यात कुणाला नसताना. या वयात अशी अचानक शुगर आणि सोबत वजन उतरणं, ही स्वादुपिंडाच्या कॅन्सरची खूण असू शकते हे आता कळलंय. तेव्हा आम्ही फक्त साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

सोनोग्राफीत पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी, दोन्ही फुगलेल्या निघाल्या. स्वादुपिंडाचं डोकं गॅसमुळे दिसत नाही, सीटी करा, म्हणाले. आम्ही दवाखान्यातून बाहेर आलो, जे सेंटर आधी लागलं तिथे शिरलो.

तिथलं थोडक्यात. अण्णाला बाटलीभर पांढरट औषध प्यायला दिलं. हाताच्या पाठीवर निळ्या रंगाची बारीक सुई लावली. दहा मिनिटांत काम झालं, संध्याकाळी रिपोर्ट आला. पाच ओळींचा. स्वादुपिंडाचं डोकं जाडसर वाटतं, लक्षणांशी ताडून पाहावं. बस. मी खूश होतो. लवकर झालं, स्वस्त झालं, गाठ असं कुठे लिहिलेलं नाही. पेढे घ्यायचेच राहिले होते.

सर्जननी फिल्म खिडकीला धरली. पाच-सात सेकंद बघितलं आणि टेबलावर ठेवून दिली. म्हणाले, "यात मला जे बघायचंय तेच नाही. परत काढा. पँक्रिआटिक प्रोटोकॉल, म्हणजे स्वादुपिंडासाठीची खास पद्धत, असं सांगून काढा. आणि तोपर्यंत कुणी स्टेंट टाकू म्हणालं तर थांबा." दुसऱ्या एका डॉक्टरांनी आम्हाला खरंच तसं सांगितलं होतं, आधी पित्ताच्या नळीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकून कावीळ उतरवू, मग बघू. सर्जनचं म्हणणं, स्टेंट आत गेला की आजूबाजूला सूज येते, धातूचा असला तर स्कॅनमध्ये पांढरे पट्टे मारतो, मग गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. तब्येत धरून असेल तर आधी चित्र, मग स्टेंट. हा क्रम लक्षात ठेवा, आम्हाला तो नशिबाने मिळाला.

आता दुसरं सेंटर.

फोनवरच फरक कळला. पहिल्या ठिकाणी "या, होऊन जाईल" एवढंच म्हणाले होते. इथे बाईंनी मलाच प्रश्न विचारले. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी केलं? शुगरची मेटफॉर्मिन चालू आहे का? दमा, पूर्वी कुठल्या इंजेक्शनची रिॲक्शन? आधी कुठे सीटी झालाय का, असेल तर फिल्म नको, सीडी आणा. चार तास उपाशी, पाणी चालेल, उलट पाणी पीत या. दर ७,००० सांगितला. मी किंमत कमी होते का विचारलं (सोलापूरकर आहे, विचारणारच), तर म्हणाल्या, "काका, यात दोनदा फिरतं मशीन." तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं की सगळा खेळ त्या दोनदामध्येच आहे.

तिथे पांढरं औषध दिलं नाही, साधं पाणी दिलं, लिटरभर. जठर आणि लहान आतड्याची सुरुवात पाण्याने भरली की तिची भिंत नीट दिसते, पांढऱ्या औषधाने तीच उजळून जाते आणि शेजारचं झाकते. सुई कोपराजवळच्या शिरेत, हिरवी. मी त्या टेक्निशियन पोराला विचारलं, तिकडे निळी होती, इथे हिरवी का? त्याला आनंद झाला कुणीतरी विचारलं म्हणून. निळी बारीक, २२ नंबर. हिरवी १८ नंबर, तिचं भोक मोठं. इथे पंपाने औषध सेकंदाला चार मिली या वेगाने ढकलायचं असतं. बारीक सुईतून ते हळू जातं, आणि हळू गेलं की वेळ हुकते.

वेळ म्हणजे काय, ते त्याने सांगितलं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. आयोडिनचं औषध शिरेत सोडायला सुरुवात केल्यापासून साधारण ४० ते ५० सेकंदांनी ते स्वादुपिंडात भरलेलं असतं. स्वादुपिंड रक्ताळ अवयव, तो त्या घटकेला उजळतो. त्यातली गाठ मात्र चिवट, तंतूंनी भरलेली, रक्त कमी. ती उजळत नाही, काळपट राहते. त्याच क्षणी पहिली फेरी. मग ६५-७० सेकंदांना दुसरी, तेव्हा शिरा आणि यकृत भरतं. पहिल्या सेंटरने एकच फेरी मारली होती, ती उशिराची. तोवर गाठीत आणि आजूबाजूला रंग सारखाच पसरलेला असतो. आमच्या डाइंगमध्ये सूत कुंडातून कधी काढायचं याला जसा एक क्षण असतो, तो गेला की दोन्ही लडी एका रंगाच्या. शिवाय त्यांचे काप पाच-पाच मिलिमीटरचे होते, इथले एक मिलिमीटरचे. पाचाच्या कापात दोन मिलिमीटरची शीर कुठे पकडणार?

रिपोर्टला दोन दिवस लागले. पाच ओळींऐवजी दोन पानं, सगळं इंग्रजीत. मी काउंटरवर बसून राहिलो की रिपोर्ट लिहिणाऱ्या मॅडमना भेटल्याशिवाय जात नाही. रेडिओलॉजिस्ट पेशंटला भेटतच नाहीत असं समजत होतो. त्या भेटल्या, त्यांचं जेवण बाजूला ठेवून. चार गुणांतले दोन त्या अर्ध्या तासाचे आहेत.

पडद्यावर अण्णाचं पोट. अण्णा माझ्या मागे उभा. "काय बघायलास बे?" म्हणाला. मी म्हणालो, तुझा ग्राफ. खरोखर ग्राफच होता. मॅडमनी सांगितलं, एका कापात ५१२ आडवे आणि ५१२ उभे चौकोन, प्रत्येकात एक आकडा. आमचा जकार्ड ४०० हुकांचा, म्हणजे त्याच घरातला. चौकोनातल्या आकड्याला हाउन्सफिल्ड म्हणतात. त्या नावाच्या इंजिनिअरच्या मशीनवर १९७१ साली लंडनच्या एका हॉस्पिटलात माणसाचा पहिला स्कॅन झाला, १९७९ मध्ये त्याला आणि कॉर्मॅक नावाच्या शास्त्रज्ञाला मिळून नोबेल मिळालं. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी शून्याखाली, हाड वर. करड्या रंगाच्या छटा म्हणजे हे आकडे. माझ्याकडे आठ रंगांच्या वर कधी गेलं नाही काम.

गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात, २.८ सेंटिमीटर. मॅडमनी गाठीपेक्षा तिच्या शेजाऱ्यांवर जास्त वेळ घालवला. मागून आतड्याची मोठी धमनी जाते, शेजारून मोठी शीर. गाठ धमनीला किती अंशात टेकलीय ते मोजतात. अजिबात नाही, तर लगेच ऑपरेशनचा विचार होतो. १८० अंशांपर्यंत, म्हणजे अर्ध्या गोलाला टेकली, तर उंबरठ्यावर. त्याच्यापुढे विळखा घातला तर सुरुवातीला सुरी लावत नाहीत. अण्णाची ९५ च्या आसपास. शिरेला थोडी चिकटलेली. यकृतात काही दिसत नाही, आणि इथे त्यांनी "दिसत नाही" या शब्दावर बोट ठेवलं. यकृताच्या किंवा पोटाच्या पडद्यावरच्या अगदी बारीक गाठी सीटीतून निसटतात, म्हणून सर्जन कधी कधी आधी दुर्बिणीने आत बघून घेतात.

मग मी तो प्रश्न विचारला. अण्णाला पाणी आणायला पाठवून. "मॅडम, किती दिवस?"

तुम्हीही विचाराल. आमच्या घरात तोवर सगळ्यांनी गूगल करून झालं होतं. एकाने पर्रीकरांची आठवण काढली. फेब्रुवारी २०१८ ला आजार कळला आणि १७ मार्च २०१९ ला गेले, म्हणजे एक वर्ष. दुसऱ्याने स्टीव्ह जॉब्स काढला, २००३ ते २०११, म्हणजे आठ वर्षं. दोघं ओट्यावर भांडले. जॉब्सचा स्वादुपिंडाचाच, पण न्यूरोएंडोक्राइन जातीचा, सावकाश वाढणारा, वेगळा आजार. नाव एक आणि सूत दुसरं. आणि पुण्याची आमची पुतणी, ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिने पाठवलं होतं की आता स्कॅनवरून एआय सांगतं पेशंट किती जगेल, काका विचारून बघा त्यांच्याकडे आहे का.

म्हणून मी विचारलं, आहे का तुमच्याकडे? सात हजारांत बसतं का?

मॅडम हसल्या नाहीत, त्याबद्दल आभार. त्या म्हणाल्या, स्कॅनवरून अंदाज तर आम्ही रोज बांधतो. पसरलाय की नाही, धमनीला किती टेकलाय, गाठ केवढी, ऑपरेशन होईल का, हेच मोठे अंदाज आहेत आणि ते रिपोर्टात लिहिलेत. तुमची पुतणी म्हणते ते वेगळं, त्याला रेडिओमिक्स म्हणतात. गाठीभोवती रेघ मारायची, आतल्या सगळ्या चौकोनांचे आकडे कॉम्प्युटरला द्यायचे. तो शेकडो मोजमापं काढतो. गाठ गोल की वेडीवाकडी, आकडे एकसारखे की विस्कटलेले, काळ्याशेजारी काळा किती वेळा येतो, करड्याशेजारी काळा किती वेळा.

मी म्हणालो, "म्हणजे पोत."

"टेक्स्चर," मॅडम म्हणाल्या.

"तेच. पोत."

त्यांना शब्द आवडला. मग आमचं जमलं. गाठीचा पोत एकसारखा नसेल, आत रक्त न पोचलेले पट्टे असतील, कड स्वादुपिंडापासून एकदम तुटल्यासारखी असेल, तर काही अभ्यासांत अशी गाठ जास्त आडदांड निघाली. जुन्या पेशंटांचे स्कॅन घेतात, ते किती जगले हे माहीत असतं, दोन्हीची सांगड घालून एक सूत्र बनवतात. सूत्र किती चांगलं हे बघायची पद्धत मला पटली. कुठलेही दोन पेशंट घ्यायचे आणि सूत्राला विचारायचं, यातला आधी कोण जाईल? नुसतं नाणं उडवलं तर निम्म्या वेळा बरोबर येतं, म्हणजे ०.५. सगळ्या जोड्या बरोबर आल्या तर १. सूत्रं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. म्हणजे ते रांग लावतं. अण्णा रांगेत पुढे की मागे. तारीख सांगत नाही.

आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. पहिल्या सेंटरची सीडी घातली, दोन्ही स्कॅन शेजारी लावले. तोच माणूस, तीच गाठ, मध्ये सहा दिवस. पहिल्यात गाठ जवळजवळ दिसतच नव्हती, सगळं एका रंगाचं मऊ करडं. दुसऱ्यात काळा डाग, आत चिरा, फाटकी कड. मॅडम म्हणाल्या, "आता सांगा, यातल्या कुठल्या चित्राचे आकडे मी कॉम्प्युटरला देऊ? पहिलं दिलं तर तो म्हणेल पोत गुळगुळीत, माणूस रांगेत मागे. दुसरं दिलं तर कदाचित पुढे. गाठ बदललेली नाही. सुई बदलली, सेकंद बदलले, कापाची जाडी बदलली."

तीस वर्षं मी हेच सांगत आलोय मालकाला. सूत बदललं, इंचातले आडवे धागे बदलले की तोच ग्राफ वेगळी चादर देतो. मोर माझा चुकला नाही, साहेब. पण मला हे दवाखान्यात आठवलं नव्हतं. एका शहराच्या एका मशीनवर बसवलेलं सूत्र दुसऱ्या मशीनवर का लडबडतं, हे त्या दोन पडद्यांकडे बघून एका मिनिटात कळलं. पहिल्या स्कॅनवरून कुणी मला अण्णाचे महिने सांगितले असते, तर ते अण्णाचे नसतेच, त्या निळ्या सुईचे असते.

पुतणीने आणखी एक पाठवलं होतं, चीनमधलं, २०२३ सालचं. साध्या, औषध न देता काढलेल्या सीटीवरून स्वादुपिंडाचा कॅन्सर ओळखणारं एआय, २०,५३० लोकांवर तपासलेलं, आणि निकाल खरंच चांगले. मॅडमना माहीत होतं. त्या म्हणाल्या ते ओळखण्याचं काम, जगण्याच्या अंदाजाचं नाही, पण लवकर ओळखला तर सगळ्यात मोठा फरक तिथेच पडेल. माझ्या मनात आलं, अण्णाला शुगर निघाली त्या वर्षी कुठल्या कारणाने पोटाचा साधा सीटी झाला असता तर. पण माणूस शुगर निघाल्यावर सीटी काढत नाही, कारल्याचा रस काढतो.

अण्णा पाणी घेऊन आला होता आणि दारात उभा राहून ऐकत होता, हे मला उशिरा कळलं. तो म्हणाला, "माझ्यासमोर बोला की. बीम माझाच हाय."

मॅडमनी त्याला खुर्ची दिली आणि गाठ सोडून भलतंच दाखवलं. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक काप. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, पाठीला, पोटाच्या भिंतीला मांस दिसतं. कॉम्प्युटर उणे २९ ते १५० मधले चौकोन मांस म्हणून मोजतो, उणे १९० ते उणे ३० म्हणजे चरबी. या एका कापातल्या मांसाचं क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाने भागलं की सगळ्या शरीरात मांस किती उरलंय त्याचा अंदाज येतो. आणि मांस घटलेले पेशंट केमो कमी सोसतात, कमी जगतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. अण्णाच्या पाठीच्या मांसात करड्या-काळ्या रेघा होत्या, विरलेल्या चादरीसारख्या. बाहेरून खांदे अजून दगडासारखे दिसायचे.

"हे एक असं आहे," मॅडम म्हणाल्या, "ज्याच्यावर तुमचा हात चालतो."

रिपोर्टात हे नव्हतं, मागितल्याशिवाय लिहीत नाहीत म्हणे. लिहायला हवं, असं माझं मत आहे. त्यावरूनच सर्जननी पुढे आहारतज्ज्ञ, जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल (स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, शौच तेलकट तरंगतं, त्यासाठी) आणि रोज चालणं लावलं. वहिनीने शेंगाचटणी बंद केली होती तेलकट म्हणून. कॅप्सूल घेऊन खाल्लेली चालते हे कळल्यावर अण्णाने पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली. रोज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेने चालतो. आधी एक बाक, मग दोन बाक.

आकडे मी तरीही मागितलेच, मुंबईत. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी परळ. तिथल्या डॉक्टरांनी सीडी लावली, पडदा वरखाली केला आणि सीटी परत काढायला सांगितला नाही. माझ्या लेखी सोलापूरच्या त्या सेंटरला याहून मोठं सर्टिफिकेट नाही. शेजारच्या बाकावर बार्शीकडचं एक कुटुंब होतं, त्यांना परत काढायला लावला होता, त्यांची तारीख त्यामुळे पुढे गेली.

आकडे असे. २०११ साली फ्रान्समधून चार औषधांच्या केमोचा अभ्यास आला. आजार पसरलेल्या पेशंटांत मध्य ११.१ महिने, जुन्या एका औषधावर ६.८. आणि २०१८ मध्ये ऑपरेशन होऊन गेलेल्यांना तीच औषधं थोडी बदलून दिली तेव्हा मध्य ५४.४ महिने, जुन्यावर ३५. मध्य म्हणजे निम्मे त्याच्या आत गेले, निम्मे त्याच्या पुढे. अण्णा दोन्ही गटांत बसत नाही, तो उंबरठ्यावर. अकरा आणि चोपन्नच्या मध्ये केवढी मोठी जागा आहे बघा. मी गाडीत परत येताना कुर्डुवाडीपर्यंत तेच करत होतो, दोन आकड्यांच्या मध्ये बोट ठेवून बघत होतो.

सोलापूरला येऊन स्टेंट पडला, दुर्बिणीतून तुकडा तपासून आला, मग केमो. दर १४ दिवसांनी, घरी येताना ४६ तासांचा पंप गळ्यात. चार महिन्यांनी परत स्कॅन. सर्जननी बजावलं, त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, तसाच. आता मला का ते सांगावं लागत नव्हतं. गाठ २.८ वरून २.१. रक्तातला सीए १९-९, म्हणजे या कॅन्सरची खूण म्हणून मोजतात तो आकडा, कावीळ उतरल्यावर मोजला होता (कावीळ असताना तो उगाच फुगतो) तेव्हा ४१२ होता, तो ५८ झाला. ३७ पर्यंत नॉर्मल. धमनीजवळचा धूसरपणा मात्र तसाच. मी घाबरलो. मॅडम म्हणाल्या, केमोनंतर तिथे वाळलेली जखम आहे की जिवंत गाठ, हे सीटीला सांगता येत नाही. पोत इथे फसवतो. म्हणून आता नुसतं चित्र बघून ठरवत नाहीत, गाठ वाढली नसेल, आकडा उतरला असेल, माणूस उभा असेल, तर सर्जन उघडून बघतात.

माणूस उभा आहे. तीन बाक चालतो.

आता कापलेला एक गुण. एक, सीडी घरच्या कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडली नाही, दोनशे रुपये देऊन पेन ड्राइव्हवर घ्यावी लागली. सातशेवर चित्रांतून फिल्मवर छापतात साठेक, त्यामुळे फिल्म मिरवायला बरी, डॉक्टरला द्यायची ती सीडीच. ती मागून घ्या आणि तिथेच उघडून दाखवा म्हणा. दोन, मॅडम भेटल्या त्या मी ठिय्या दिला म्हणून. ज्याला ठिय्या देता येत नाही, ज्याचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी, त्याने काय करायचं? विडी वळणाऱ्या एक आजी माझ्यासमोर दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट उलटासुलटा करून, घडी घालून पिशवीत ठेवून गेल्या. मराठीत चार ओळी लिहायला काय जातं? तीन, दरपत्रक भिंतीवर नाही. मी विचारलं तर बाई म्हणाल्या लावणार आहोत. मार्चमध्येही लावणारच होते.

मशीनच्या खोलीत एसी फार. बाहेर ४३ डिग्री आणि आत माघ महिना. त्यांचा गाउन पातळ आहे, पांघरायला आपलं घेऊन जा, धातूची बटणं नसली की झालं. अण्णाने आपल्याच मागावरची चादर नेली होती, माझाच जुना मोर.

दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. पुढची तारीख १८ ची आहे, ऑपरेशनच्या आधीची. मागच्या वेळी नवीन मुलगी होती, तिने ट्रेमधून निळी सुई उचलली. मी तोंड उघडायच्या आत अण्णानेच हात मागे घेतला. "हिरवी घे बाळा," म्हणाला, "निळीनं मोर येत नाही."